इंग्रज विचारवंत आणि मांजर

शाळेच्या वाचनालयाच्या भिंतीचा फोटो आपल्या ग्रुपवर पडला तेव्हा तुमच्यापैकी थोरल्याने विचारलं, "आजी, शाळेच्या भिंतीवर मांजर काय करतंय? आणि ती निळी शेपटी त्याचीच का?" धाकटीने नुसतीच हसण्याची चित्रं पाठवली. या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. तुमच्याकडे तेव्हा सकाळ असते, माझ्याकडे जेवणाची वेळ, आणि नेमक्या मुद्द्याशी आलं की तुमच्यापैकी कोणाची तरी मीटिंग सुरू होते. म्हणून लिहून पाठवते. क्रमाने लिहिते. मला दुसरं काही जमत नाही.

तुमचे आजोबा इथल्या हायस्कुलात हेडमास्तर होते आणि मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवत असे, एवढं तुम्हाला माहीत आहे. दहावीच्या निरोप समारंभात ते दरवर्षी भाषण करत. बाकीचा मजकूर थोडाफार बदले, शेवट मात्र ठरलेला. ते चष्मा काढत. मागच्या रांगेतली मुलंसुद्धा सावरून बसत, कारण चष्मा काढला म्हणजे भाषण संपत आलं हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग ते म्हणत, "एका इंग्रज विचारवंताने म्हटलं आहे, सगळं आवरून मग निघेन म्हणणाऱ्याचा प्रवास चुकतो." हे आधी इंग्रजीतून, मग मराठीतून. नंतर थोडं थांबून, घसा खाकरून, "पुढेही काही आहे, पण तुम्हाला एवढं पुरे." मग टाळ्या, आणि मग बटाटेवडे.

मी पहिल्या रांगेत शिक्षकांच्या खुर्च्यांमध्ये बसलेली असे. ते वाक्य मला फार आवडे. इंग्रजीत ते विशेष चांगलं होतं, घोटून गुळगुळीत केल्यासारखं. हे मी मुद्दाम आधीच सांगून ठेवते आहे.

आजोबा गेल्यानंतर माजी विद्यार्थ्यांनी शाळेला वाचनालयाचा हॉल बांधून दिला. त्यासाठी नेमलेल्या समितीचा अध्यक्ष माझाच विद्यार्थी. खाडीकाठच्या जुन्या व्यापारी घराण्यातला मुलगा, बरीच वर्षं आखातात होता, आता परत येऊन फरशांचं मोठं दुकान चालवतो. पांढरी दाढी आली तरी माझ्यासमोर झोपाळ्यावर बसत नाही, खुर्ची ओढून घेतो. एका दुपारी तो आला आणि खिशातून टेप काढून माझ्या पडवीची भिंत मोजू लागला.

"ही भिंत कशाला मोजतोस?"

"अंदाज घेतोय, बाई. हॉलची समोरची भिंत हिच्या दुप्पट आहे. त्यावर सरांचं वाक्य. मोठ्ठं. निळ्या रंगात. खाली नाव."

"कोणाचं नाव?"

"तेच विचारायला आलोय. तो इंग्रज कोण?"

"शोधून देते," मी म्हटलं. जणू तो इंग्रज आतल्या खोलीत चहा पीत बसला होता आणि त्याला फक्त हाक मारायची होती.

"आणि नाही सापडला, तर सरांचंच नाव टाकू. आम्ही त्यांच्याच तोंडून ऐकलं ना."

"मुळीच नाही."

"मग बिननावाचं?"

"चालेल की."

"बाई, बिननावाचा माल कोण घेतो? लोकांना वाटेल, माझ्याच दुकानाची जाहिरात आहे."

तो गेल्यावर मी बराच वेळ अस्वस्थ होते. तुमचे आजोबा वह्या तपासताना काय करत हे तुम्ही पाहिलेलं नाही. निबंधात एखादं चांगलं वाक्य दिसलं की समासात लाल शाईत लिहीत, "कुठून घेतलंस?" मुलाने सांगितलं तर गुण मिळत. नाही सांगितलं तर वाक्य कितीही सुंदर असो, गुण कापलेच. मुलं त्यांना मागे "कुठून सर" म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. आता अशा माणसाचं नाव, दुसऱ्याच्या म्हणून आयुष्यभर सांगितलेल्या वाक्याखाली, निळ्या ऑइलपेंटने रंगवायचं, तेही ज्यांचे गुण कापले त्यांच्याच वर्गणीतून! त्यांना स्वतःला समासात लाल रेघ ओढायला येता येणार नव्हतं. ती मीच ओढायला हवी होती. तो इंग्रज मिळायलाच हवा होता.

शोध मी पद्धतशीर सुरू केला. आजोबांची इंग्रजी पुस्तकं दोन कपाटांत आहेत. वरच्या खणापासून सुरुवात केली. एकेक पुस्तक काढायचं, पुसायचं, पानांवरच्या खुणा बघायच्या, परत लावायचं. परत लावताना लक्षात आलं की ती आकारानुसार लावलेली आहेत, विषयानुसार नाहीत. म्हणून आधी सगळी उतरवली. पहिलं कपाट संपायला बरेच दिवस गेले. सुभाषितांचे दोन जाडजूड कोश होते, तेही चाळले. प्रवासाखाली पाहिलं, आळसाखाली पाहिलं, व्यवस्थितपणाखाली पाहिलं. व्यवस्थितपणाखाली सगळी स्तुतीच होती.

मध्ये धाकटीला मी विचारलं होतं, ते तिला आठवत असेल. तिने तिच्या संगणकातल्या सर्वज्ञाला विचारलं. त्याने ताबडतोब एका विचारवंताचं नाव, ग्रंथाचं नाव आणि प्रकरणसुद्धा सांगितलं. मी सुखावले. मग तिने सहज पुन्हा विचारलं, तेव्हा त्याने दुसऱ्याच विचारवंताचं नाव सांगितलं, आणि "खात्री आहे का?" म्हटल्यावर इतकी सुरेख क्षमा मागितली की माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने तशी कधी मागितली नव्हती. धाकटी म्हणाली, "आजी, तो असाच आहे. माहीत नाही म्हणायला त्याला लाज वाटते." मी म्हटलं, असे शिक्षक मी पाहिलेले आहेत.

दरम्यान अध्यक्षाने माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारणा केली. सगळ्यांना वाक्य आठवत होतं आणि कोणालाच पुरतं आठवत नव्हतं. पहिला अर्धा भाग सगळ्यांचा सारखा. "पुढेही काही आहे" म्हणून सरांनी जी जागा मोकळी सोडली होती तिथे मात्र प्रत्येकाने आपापलं घर बांधलेलं. आखातात असलेल्या एकाला आठवलं की पुढे "आणि संधीचा व्हिसा संपतो" असं होतं. मुंबईत नर्स असलेल्या एकीला "रुग्ण थांबत नाही" असं काहीतरी. मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, पुढचं बर्फाबद्दल होतं, नक्की. त्यातच कोणीतरी तेच वाक्य एका दाढीवाल्या परदेशी गृहस्थाच्या फोटोखाली लिहिलेलं पाठवलं. अध्यक्ष आनंदाने धावत आला.

"बाई, मिळाला! हा बघा."

"हे चित्र कोणी केलं?"

"ते माहीत नाही."

"या गृहस्थांनी कुठल्या पुस्तकात लिहिलंय?"

"बाई, माणसाच्या चेहऱ्याकडे बघा तरी. हा म्हणाला नसेल असं वाटतं का?"

मी नकार दिला. तो हिरमुसला. म्हणाला, "छताचं काम आधी करून घेतो. पेंटरला तोवर अडवतो. पण बाई, पाहुणे ठरलेत. फार दिवस नाय अडवता येणार. नाय मिळालं तर सरांचं नाव, हे पक्कं."

एक माणूस मात्र असा होता की ज्याला विचारायला मी अगदी सुरुवातीलाच हवं होतं. तुमच्या आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. त्या खाडीपलीकडे मुरूडला लेकीकडे असतात. वय झालंय पण डोकं तल्लख आहे, थोडं जास्तच. आजोबा कॉलेजात होते तेव्हाचं सांगू शकेल असं आता दुसरं कोणी उरलेलं नाही. माझ्या मनात पहिल्याच दिवशी आलं होतं. पण मी ठरवलं, आधी पुस्तकं पुरी व्हावीत, दोन्ही कपाटं लागावीत, मग प्रश्नांची नीट मांडणी करून जावं. अर्धवट तयारीने कोणाकडे जाऊ नये.

दुसरं कपाट संपलं. इंग्रज मिळाला नाही. कपाटं मात्र बघण्यासारखी झाली. मग मी दिघीला गेले, फेरीबोटीत बसले, आगरदांड्याला उतरून रिक्षा केली.

वन्सं पडवीत बसून बिरड्याचे वाल सोलत होत्या. शेजारी त्यांची लेक, म्हणजे माझी भाची. तीही आता निवृत्त झाली आहे.

"आलीस?" वन्सं म्हणाल्या. "मला वाटलं, एकदम तेराव्यालाच येशील."

"कामात होते, वन्सं."

"कसल्या?"

"पुस्तकांची कपाटं आवरत होते."

त्यांनी लेकीकडे पाहिलं. "ऐकलंस गो?"

मी चहा घेतला आणि विषयाला हात घातला. भिंतीचं सांगितलं, समितीचं सांगितलं, आजोबांचं नाव तिथे पडू नये म्हणून मी काय काय केलं तेही. मग विचारलं, "कॉलेजात असताना ते कोणाची पुस्तकं वाचत, तुम्हाला आठवतं का? मला एका वाक्याचा धनी शोधायचाय."

"कुठलं वाक्य?"

मी म्हणून दाखवलं. सगळं आवरून मग निघेन म्हणणाऱ्याचा प्रवास चुकतो.

वन्संचा हात वालावर थांबला. "परत म्हण."

मी परत म्हटलं.

"आणि हे इंग्रजाने म्हटलं?"

"हो."

"कुठल्या?"

"तेच तर शोधतेय."

वन्सं हसायला लागल्या. आधी आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. मग त्यांच्या मांडीवरचं ताट कलंडलं आणि सोललेले वाल पडवीभर झाले. भाची घाबरून पाणी आणायला उठली.

"नको गो, बस," वन्सं डोळे पुसत म्हणाल्या. "इंग्रज! अगो, तो इंग्रज म्हणजे माझी आई! नऊवारी नेसायचा तो इंग्रज, आणि नाकात नथ घालायचा सणावारी!"

मी म्हटलं, "वन्सं, काहीतरी घोटाळा होतोय."

"घोटाळा कसला? माझ्या डोहाळजेवणाचं आहे ते. हिच्या वेळचं," त्यांनी भाचीकडे बोट केलं. "आठवतं ना? की त्याचंही पुस्तक शोधायचंय?"

मला आठवत होतं. माझ्या लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. वन्संच्या सासरी मुरूडला डोहाळजेवण होतं. माहेरची ओटी घेऊन सासूबाई, तुमचे आजोबा आणि मी लाँचने जाणार होतो. ती लाँच वेळेआधी सुटली आणि आम्हाला दुसऱ्या दिवशी जावं लागलं. एवढंच झालं होतं. मी हे वन्संना सांगितलं.

"लाँच वेळेवर सुटली होती," वन्सं म्हणाल्या. "वेळेआधी सुटली हे जगात फक्त तू म्हणतेस. आई तयार, तो तयार, ओटीचं सामान होडीपाशी पोचलेलं. आणि तू फडताळातले डबे खाली काढून बसलेली. पुसून पुसून चिठ्ठ्या चिकटवत होतीस त्यांवर. इंग्रजीत! आईला इंग्रजी कुठे येत होतं? बिचारी जन्मभर मोहरीच्या डब्यात मेथी शोधत राहिली."

"घर तसंच टाकून कसं जायचं, म्हणून..."

"म्हणून माझी ओटी भरायला माहेरचं कोणी नाही. बायका जमलेल्या. मी हिरवी साडी नेसून, फुलांच्या वाडीत नटून बसलेली, आणि सगळ्या खाडीकडे बघतायत. माझ्या सासूने शेवटी शेजारणीकडून भरून घेतली ओटी. शेजारणीकडून! ते अजून टोचतं मला, सांगून ठेवते."

हे मला कोणीही कधी सांगितलेलं नव्हतं. वन्सं वाल गोळा करता करता पुढे सांगू लागल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही पोचलो. सासूबाई पडवीत बसल्या. शेजारपाजारच्या बायका भेटायला आल्या. तुमचे आजोबा दाराशी उभे. मी माजघरात वन्संच्या साड्यांच्या घड्या नीट करत होते. कोणीतरी विचारलं, काल का नाही आलात? तर सासूबाईंनी लेकीकडे बघितलं आणि माजघरापर्यंत जाईल एवढ्या आवाजात म्हणाल्या:

"घर आवरून मग निघेन म्हणणारीची होडी चुकते. आणि घर? पाठ वळली की मांजर येऊन ते पसरतंच."

"सगळ्या हसल्या," वन्सं म्हणाल्या. "लेकी बोले सुने लागे. तुला लागावं म्हणूनच म्हणाली ती."

"मला नाही लागलं," मी म्हटलं.

"कसं लागणार? तू माझ्या साड्या रंगाप्रमाणे लावत होतीस."

मला हसू ऐकू आलं होतं, ते मात्र आता आठवलं. आणि मग परतीची लाँच आठवली. सासूबाई लेकीकडे राहिल्या होत्या. आम्ही दोघंच होतो. मी तुमच्या आजोबांना विचारलं होतं, "मघाशी सासूबाई काय म्हणाल्या? सगळ्या एवढ्या हसल्या." ते काही बोलले नाहीत. किती तरी वेळ पाण्याकडे बघत राहिले. खाडीचं मुख ओलांडताना लाँच हलते, तसं हलणं झालं, शांत झालं, तरी बघतच होते. मग म्हणाले, "काही नाही. मी तिला एका इंग्रज विचारवंताचं वाक्य सांगितलं होतं, त्यावरून." आणि थांबत थांबत, शब्द निवडत, त्यांनी ते वाक्य मला इंग्रजीतून सांगितलं.

मला वाटलं होतं, ते आठवतायत. ते भाषांतर करत होते.

"कोणाचं आहे?" मी विचारलं होतं. ते म्हणाले, नाव विसरलो. "पुढे आणखी काही आहे का?" आहे, म्हणाले, पण नीटसं आठवत नाही. आता मांजराचं भाषांतर चालत्या लाँचमध्ये कोणाला जमणार! आणि मी, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, काय म्हणाले असेन? मी म्हटलं, "फारच सुंदर आहे. तुम्ही हे मुलांना निरोप समारंभात सांगा."

पुढची सगळी वर्षं त्यांनी ते सांगितलं. माझ्याच शिफारशीवरून, माझ्याच तोंडावर. टोमणा माझ्यावरचा, टाळ्या माझ्या. ते दरवर्षी घसा का खाकरत हे मला कळायला मुरूडपर्यंत जावं लागलं.

परतताना फेरीबोटीत मी त्यांच्यावर रागवायचा प्रयत्न केला. मुलांचे गुण कापणारा माणूस, आणि स्वतःच्या आईचं वाक्य एका अस्तित्वात नसलेल्या इंग्रजाच्या नावावर लावतो! पण मनात दुसरंच येत राहिलं. त्या दिवशी त्यांनी सासूबाईंचे शब्द जसेच्या तसे सांगितले असते तर माझ्या घरातलं पहिलं वर्ष कसं गेलं असतं? आणि न सांगता नुसतेच गप्प राहिले असते, तर माझ्या मनात ते हसू राहिलं असतं. त्यांनी तिसरी वाट काढली. आईचा मान राहिला, बायकोला राग आला नाही, आणि गावाला एक विचारवंत मिळाला. याला प्रेम म्हणावं की भित्रेपणा? आमच्या पिढीच्या नवऱ्यांमध्ये हे दोन डबे वेगळे ठेवण्याची पद्धत नव्हती, आणि त्यांवर चिठ्ठ्या तर कोणीच लावल्या नव्हत्या.

भिंतीचा प्रश्न मात्र आता जास्तच अवघड झाला होता. आधी फक्त नाव सापडत नव्हतं. आता सापडलं होतं. खरं नाव लिहिलं तर इंग्रज नव्हताच हे गावभर होणार. लपवलं, तर जी चोरी थांबवायला निघाले ती मीच करणार, आणि तीसुद्धा सासूच्या मालाची. दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षाला बोलावून सगळं सांगितलं. तो खुर्चीत मागे टेकला.

"म्हणजे सर आम्हाला थाप मारत होते?"

"थाप नाही. भाषांतर."

"आणि इंग्रज?"

"तो घरात शांतता राहावी म्हणून आला होता."

"या अल्ला!" तो कपाळावर हात मारून म्हणाला. "बाई, मी तिकडे आखातात माझ्या गोऱ्या मॅनेजरला ऐकवलं होतं हे. तुमच्या इंग्रज विचारवंताचं वाक्य म्हणून. तर तो म्हणाला, हो हो, माहितीये मला, शाळेत होतं आम्हाला!"

आम्ही दोघंही खूप हसलो. मग तो गंभीर झाला. "मग आता काय? लोकांना इंग्रज बरा वाटला असता."

"जिचं आहे तिचं नाव."

"आणि वाक्य? सरांचं की तिचं?"

"तिचं. पूर्ण."

"मांजरासकट?"

"मांजरासकट."

"विचारवंत गेला आणि मांजर आलं," तो म्हणाला. "समितीला मी काय सांगू?"

"सांग, सरांनी आपल्याला जे अर्धं दिलं होतं ते पुरं मिळालं. आणि सरांनी आणखी एक शिकवलं होतं, तेही सांग. कुठून घेतलंस?"

त्याने कान पकडले. त्याचेही गुण कापले गेले होते.

नावाचीही अडचण झालीच. सासूबाईंना मी सासूबाई म्हणे, गाव काकू म्हणे, सासरे "अहो" सुद्धा म्हणत नसत, नुसतेच खाकरत. कागदोपत्री जे नाव होतं ते लग्नात बदललेलं. मी वन्संना फोन केला. म्हटलं, "हेडमास्तरांच्या आई, असं लिहिलं तर?"

"का? माझी कोणी नव्हती ती? मला उद्देशून बोलली होती!"

"मग कागदावरचं नाव घालते."

"ते नको. ते वडलांना आवडलं होतं, तिला नाही. माहेरचं घाल. ते घेऊन तिला कोणी हाक मारली नाही कधी इकडे."

ते नाव मी इथे लिहीत नाही. भिंतीवर आहे. फोटो बोटांनी मोठा करून बघा, खाली उजव्या कोपऱ्यात.

समारंभ चांगला झाला. प्रमुख पाहुणे तालुक्याच्या गावाहून आले होते. त्यांना अध्यक्षाने बहुधा जुनी टिपणं पाठवलेली असावीत, किंवा नवी त्यांनी वाचली नसावीत. कारण त्या भिंतीकडे पाठ करून, मांजर डोक्यावर घेऊन, ते ठणकावून म्हणाले, "एका थोर इंग्रज विचारवंताने म्हटलंच आहे..." माजी विद्यार्थी खाली माना घालून हसत होते. मी अध्यक्षाकडे पाहिलं. त्याने वर आढ्याकडे पाहिलं. मला वाटतं, त्या इंग्रजाला आता मरण नाही.

वन्संही आल्या होत्या, भाचीला घेऊन, हिरवी साडी नेसून. भिंतीसमोर उभ्या राहून त्यांनी वाक्य अक्षर अक्षर लावून वाचलं, मग नाव वाचलं. नावावर थोड्या जास्त थांबल्या.

पाहुणे गेले, मंडळी जेवायला शाळेच्या पडवीत गेली. मी मागे राहिले, कारण पेंटरने शेवटच्या अक्षराखाली निळ्या रंगाचा एक ओघळ ठेवला होता. रंग वाळलेला होता, पण ओल्या फडक्याने निघतो का ते बघत होते. खुर्च्याही वेड्यावाकड्या पडल्या होत्या. तेवढ्यात दाराशी वन्संचा आवाज आला. माझ्याकडे त्यांची पाठ होती, लेकीशी बोलत होत्या, पण आवाज हॉलच्या टोकापर्यंत पोचेल असा.

"चल गो, भात निवेल. नातवंडं तिकडे परदेशात वर्षानुवर्षं बोलावतायत, या, या म्हणून, आणि काहींची अजून कपाटंच आवरून होत नाहीत."

या वेळी मध्ये भाषांतर करायला कोणी नव्हतं. मला बरोबर लागलं. जिथे लागायला हवं होतं तिथेच.

मी फडकं खिडकीत ठेवलं आणि जेवायला गेले. तो ओघळ तसाच आहे, फोटोत दिसतोय तुम्हाला. थोरल्याने ज्याला मांजराची शेपटी म्हटलं, तोच.